सारंगखेड्याची यात्रा : कोटीच्या घोड्यापुढे रेंगाळू नका, मागच्या रांगेत जा

अमळनेर स्टेशनाबाहेर आमच्या अण्णांचा तांगा १९९४ पर्यंत उभा राहायचा. आयुष्यात त्यांनी चार घोडे घेतले, चारही सारंगखेड्याच्या यात्रेतले. मी रिक्षांची हूडं आणि सीटकव्हरं शिवतो. म्हणजे घोडा गेला आणि त्याच्या जागी जे आलं, त्यावर माझं घर चालतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे कुठे मी जास्त बोललो किंवा उगाच कुरकुर केली, तर कारण ठाऊक असावं.

२०२४ ची दत्तजयंती १४ डिसेंबरला, शनिवारी आली. शनिवार-रविवारची गर्दी टाळून आम्ही सोमवारी निघालो. मी, जावईबापू आणि अकरा वर्षांचा नातू. त्याची शाळा बुडाली म्हणून लेक दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, पण घोड्याचे दात मोजायला शाळेत कोण शिकवतं?

बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. सारंगखेडा नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात, तापीच्या काठावर आहे. दोंडाईच्याहून शहाद्याकडे निघालात की तापीचा पूल ओलांडून गावात शिरता. रेल्वेने यायचं तर सुरत-भुसावळ मार्गावरचं दोंडाईचा स्टेशन धरा. तिथून एसटी मिळते, काळीपिवळी मिळते. गावात एकमुखी दत्ताचं मंदिर आहे. तीन तोंडांच्या दत्ताची सवय असलेला माणूस इथे जरा थबकतो. मार्गशीर्ष पौर्णिमेला यात्रा भरते आणि पुढे बरेच दिवस चालते. गेल्या आठ-दहा वर्षांत तिला ‘चेतक फेस्टिव्हल’ असं नाव चिकटलंय. कमानीवर, बॅनरवर, रील्सवर तेच नाव. आमच्याकडे मात्र अजून ‘सारंगखेड्याला चाललो’ एवढंच म्हणतात.

यात्रा किती जुनी? विचाराल तो तीनशे-साडेतीनशे वर्षं सांगतो. लोक शिवाजी महाराजांचं नाव घेतात, मावळ्यांनी इथून घोडे नेले असं सांगतात. दाखला कुणी काढून दाखवत नाही आणि मीही मागत नाही. पण घोड्यांचा बाजार इथेच का, हे नकाशा उघडला की कळतं. सुरतेच्या बंदरातून बुऱ्हाणपूरला जाणारा जुना रस्ता तापीच्या खोऱ्यातूनच जायचा. सतराव्या शतकात टॅव्हर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या याच वाटेने गेला. त्याच्या नोंदींत नंदुरबार, थाळनेर, चोपडा ही आपली गावं येतात. आमच्या शेजारच्या धरणगावला इंग्रजांची वखार होती. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला, त्यानंतर बुऱ्हाणपूर हे मोगलांचं दक्षिणेतलं मोठं ठाणं झालं. जिथे फौज, तिथे घोड्याला गिऱ्हाईक. मराठ्यांकडेही शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला यायचा आणि बारगिराला सरकारी पागेतला घोडा मिळायचा. शिलेदाराचा घोडा मेला तर नवा त्यालाच आणावा लागे. असा माणूस नदीकाठच्या यात्रेत घोड्यांचे दात मोजत फिरला असेल, यावर मी दाखल्याशिवाय विश्वास ठेवतो.

दुसरं कारण पंचांगाचं. ते मला या खेपेला एका मारवाडी व्यापाऱ्याने समजावलं. राजस्थानात पुष्करचा मेळा कार्तिक पौर्णिमेला संपतो. बरोबर एका महिन्याने, मार्गशीर्ष पौर्णिमेला, सारंगखेडा. मार्गशीर्ष सरता सरता नांदेडकडे माळेगावच्या खंडोबाची यात्रा, तिथेही घोडे आणि गाढवं. जानेवारीत पंजाबात मुक्तसरचा माघी मेळा. उरलेला घोडा ट्रकमध्ये घालून व्यापारी एका यात्रेतून दुसरीकडे जातो. पुष्करला दोन लाख सांगितलेला घोडा इथे दीडवर येतो, कारण वाटेतला चारा आणि डिझेल अंगावर पडलेलं असतं. अण्णा म्हणायचे, यात्रा सुरू होताना घोडा बघायचा आणि यात्रा मोडताना घ्यायचा. त्यामागचा हिशेब मला एकसष्टाव्या वर्षी कळला.

आता या खेपेचं.

गाडी लावायला शेतात वाहनतळ आहे. शिरताना पन्नास रुपयांची पावती फाडली आणि निघताना दुसऱ्याने पुन्हा पन्नास मागितले. पावती दाखवली तर म्हणाला, ‘ती सकाळची.’ पावतीवर वेळ छापलेली नव्हती. जावईबापूंनी वाद घातला, मी गाडीतच बसून राहिलो. पावती जपून ठेवा.

दर्शनाला पाऊण तास लागला. रांग नीट होती, धक्काबुक्की झाली नाही. म्हाताऱ्यांना बाजूने सोडत होते. माझ्या पांढऱ्या केसांवर मलाही सोडलं, ते मला आवडलं नाही आणि मी गेलो.

घोडेबाजार वेगळ्या मैदानावर असतो. शिरताच पहिली रांग लागते ती मोठ्या तंबूंची. गालिचा, कूलर, पंखा, भिंतीवर घोड्याच्या बापाचा फोटो. मारवाडी घोडे, उंची इंचात सांगतात, ‘चौसष्ट, पासष्ट’. दोन्ही कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकलेली. काठियावाडीचे कानही तसेच वळतात, पण अंगाने तो थोडा लहान. पंजाबकडून आलेले पांढरेशुभ्र नुकरे, गुलाबी कातडीचे. दरवर्षी पेपरात छापून येतो तो कोटीचा घोडा याच रांगेत असतो. त्याच्यापुढे शंभर मोबाईल. नातूही तिथेच अडकला. मी मालकाला विचारलं, काय घ्याल? तो हसून म्हणाला, ‘बाबूजी, बेचना नहीं है, दिखाने लाए हैं।’

ही माझी पहिली तक्रार, आणि मोठीही तीच. न विकायचा घोडा बाजाराच्या तोंडाशी बसवायचा आणि विकायचे मागे सरकवायचे, हे उलटं झालंय. माल बघायला येणाऱ्याने आधी तमाशा बघायचा. त्या घोड्यांना नावं ठेवत नाही. एक काळा मारवाडी असा उभा होता की अण्णा असते तर त्यांनी टोपी काढली असती. पण अण्णा त्याच्यापुढे पाच मिनिटंसुद्धा थांबले नसते.

मागच्या रांगा शोधायच्या म्हणजे पाण्याच्या टाकीच्या पलीकडे जायचं. तिथे गालिचा नाही. खुंट्या, दावणी, कडब्याचा भुसा. अगाडी-पिछाडी बांधलेले चाळीस-पन्नास घोडे, शिंगरं सोबत असलेल्या घोड्या, तट्टू. भाव चाळीस हजारांपासून सुरू. एक तपकिरी घोडी पंच्याऐंशीला सांगितली, एक अबलख शिंगरू साठला. इथला माणूस विचारल्याबरोबर घोडा खुंट्यावरून सोडतो आणि चालवून दाखवतो. बाजार म्हणतात तो हा.

नातवाला इथे आणलं आणि अण्णांचा धडा दिला. अण्णा अहिराणीत एकच वाक्य म्हणायचे : ‘पहिले पाय देख, मंग दात देख. भवरा ते शेवटले.’

पाय बघायचे म्हणजे घोडा कडक जमिनीवर दुडकीत चालवायला लावायचा, वाळूवर नाही. वाळू लंगडणं झाकते. पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय टेकताना घोडं मान वर उचलतं आणि चांगल्या पायावर मान खाली जाते. मान एकसारखी वरखाली होत असेल तर बोलणी तिथेच थांबवा. चालवून झाल्यावर खुराला तळहात लावा. एकच खूर गरम लागला तर काहीतरी आहे.

मग दात. खालचे पुढचे सहा दात बघायचे. अडीच वर्षांच्या सुमारास मधली दुधाची जोडी पडून पक्की येते, साडेतीनला तिच्या शेजारची, साडेचारला कडेची. पाचव्या वर्षी तोंड भरलं. पुढे झीज मोजायची. दाताच्या माथ्यावर काळा खळगा असतो. मधल्या जोडीचा खळगा सहाव्या वर्षाच्या आसपास जातो, शेजारचा सातव्या, कडेचा आठव्या. दहाव्या वर्षी वरच्या कडेच्या दातावर हिरडीपाशी एक तपकिरी रेघ उगवते. पंधराव्या वर्षी ती अर्ध्या दातावर येते, विसाव्या वर्षी खालपर्यंत. खळग्यावरून वय ठरतं म्हणून आठ वर्षांचा घोडा सहाचा करायला काही लबाड दात कोरून त्यात काळा डाग देतात. खऱ्या खळग्याभोवती पांढरी कडा असते, कोरलेल्याला ती नसते. अण्णांना एकदा असा घोडा विकायचा प्रयत्न झाला. अण्णा त्या माणसाला काही बोलले नाहीत, फक्त त्याच्या हातावर चहाचे पैसे ठेवून निघाले. तो दुसऱ्या दिवशी चार हजारांनी खाली आला, तरी घेतला नाही.

आणखी लबाड्या आहेत. पांढरे केस रंगवणं, मरगळलेल्या घोड्याची शेपूट उभी राहावी म्हणून आल्याचा तुकडा कुठे लावतात ते इथे लिहीत नाही, आणि खट्याळ घोडा यात्रेत औषधाने शांत ठेवणं. उपाय एकच, त्याच घोड्याकडे तीन वेळा जायचं. सकाळी सहाला, दुपारी आणि रात्री. सकाळी खरारा करताना, म्हणजे अंग घासताना, घोडा कसा उभा राहतो, त्यावर निम्मं कळतं.

राहिला भोवरा. अंगावरच्या केसांचे भोवरे बघून शुभ-अशुभ ठरवतात. गळ्याखालचं देवमण शुभ, चारी पाय आणि तोंड पांढरं असलं तर पंचकल्याण, तेही शुभ. लग्नाच्या घोडीला गिऱ्हाईक हेच विचारतं, म्हणून भावही त्यावर चढतो. अण्णांच्या तिसऱ्या घोड्याचे भोवरे चुकीच्या जागी होते, म्हणूनच तो स्वस्तात मिळाला. त्याने तेरा वर्षं प्रताप मिलच्या पाळीचे लोक आणि स्टेशनचे पाहुणे ओढले. भोवरा ओझं ओढत नाही, हे त्या घोड्यानेच सिद्ध केलं.

एक गोष्ट मात्र अण्णांच्या काळी नव्हती आणि आता नक्की मागा. रक्ततपासणीचा दाखला. ग्लँडर्स हा घोड्यांचा रोग माणसालाही होतो, आणि तपासणीत घोडा बाधित निघाला तर कायद्याप्रमाणे त्याला मारावं लागतं. पशुवैद्यकांचा तंबू मैदानावर होता, डॉक्टर भेटले, नीट बोलले. त्यांच्यासमोर दोनच माणसं बसलेली आणि कोटीच्या घोड्यापुढे शंभर. सौदा झाल्यावर बाजार समितीची पावतीही घ्या. वाटेत कुणी अडवलं तर तीच उपयोगी पडते.

पैशांवरून आठवलं. २०१६ साली मी बँडवाल्या मित्रासोबत आलो होतो, त्याला वरातीसाठी घोडी हवी होती. नोटबंदी ८ नोव्हेंबरची, दत्तजयंती १३ डिसेंबरला. आख्खा बाजार रोखीवर चालणारा आणि रोख कुणाकडेच नाही. दोन हजारांच्या गुलाबी नोटेला सुटे मिळत नव्हते, चहावालाही उधारी लिहून घेत होता. मित्राने एक लाख दहाची घोडी ठरवली. व्यापारी म्हणाला, चेक नको, जुन्या नोटा नकोत. शेवटी निम्मे त्याच्या भाच्याच्या खात्यावर टाकले आणि उरलेले महिनाभरात देण्याचं तोंडी ठरलं. अनोळखी परप्रांतीय माणसाने तोंडी शब्दावर घोडी सोडली! मित्राने ते पैसे वेळेत दिले, हे माझ्यासमोर झालं म्हणून सांगतो. या खेपेला प्रत्येक खुंट्यावर क्यूआर कोडचा पुठ्ठा टांगलेला. नातवाला त्यात काहीच विशेष वाटलं नाही.

घोडा घेणारं गिऱ्हाईकही बदललंय. तांगेवाला संपला. आता घेणारे म्हणजे लग्नाच्या घोडीचे धंदेवाले, फार्महाऊसवाले हौशी, नाचाचे घोडे पाळणारे. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, त्यामुळे डिसेंबरात घोडीला मागणी असतेच. घोडं ढोलकीवर पाय उचलत नाचतं ते बघायला गर्दी उसळते. मला ते फार वेळ बघवलं नाही. नातवाला बघवलं. त्याचं मत त्याचं.

आता माझ्या धंद्याची रांग, खोगीर-लगामाची. इथे मी दीड तास काढला आणि जावईबापू दोनदा चहा पिऊन आले. दहा-बारा दुकानं होती. बाहेरून सगळं चकचकीत, लाल मखमल, पितळी बटणं. हातात घेतलं की फरक कळतो. निम्म्याहून जास्त माल रेक्झिनचा, आत फोम. टाका मशीनचा, लांब, इंचाला पाच. असा टाका एक सुटला की पुढचे दहा आपोआप सुटतात. रिक्षाच्या सीटवर तो चालतो, कारण सीट घामाने भिजत नाही आणि उधळतही नाही. खोगिराचा पट्टा तुटला तर माणूस खाली येतो. शेवटून दुसऱ्या दुकानात एक म्हातारे कारागीर बसले होते. मेण लावलेला दोरा, दोन सुया, दोन्ही बाजूंनी घातलेला हाताचा टाका, इंचाला आठ. मी मोजत होतो ते त्यांनी पाहिलं आणि विचारलं, ‘शिवता का?’ मी म्हणालो, ‘रिक्षाची सीटं.’ ते म्हणाले, ‘म्हणजे बसायचंच.’ पुढे पाऊण तास आम्ही दोऱ्यावर बोललो. त्यांच्याकडचं कातडी खोगीर सात हजार, शेजारी रेक्झिनचं अडीच. सात हजार योग्य आहेत. घोडा घेणार असाल तर खोगिरावर कंजुषी करू नका.

त्यांच्याकडून मी एक तोबरा घेतला, म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी. जाड कॅनव्हासचा, तळाला कातड्याची चकती, कडेला हवेसाठी भोकं. १८० रुपये. घरी घोडा नाही, मग तोबरा कशाला, असं जावईबापूंनी फक्त डोळ्यांनी विचारलं. घरी गेल्यावर हत्यारं ठेवीन म्हटलं.

बाकीची यात्रा मोठ्या यात्रेसारखीच. आकाशपाळणे, मौत का कुआँ, भांडी, बांगड्या, शेतीची अवजारं, ब्लँकेटं. तमाशाचे फड होते. मी गेलो नाही, कारण नातू सोबत. (जावई सोबत नसते तरी गेलो असतो असं नाही, पण ते असो.) लहानपणी तंबूतला सिनेमा असायचा, जमिनीवर बसून. आता तो नाही, कुणाला आठवतही नाही.

खाण्याला मी पैकीच्या पैकी गुण देतो, फक्त दुकान निवडून. बचतगटाच्या बायांचा एक स्टॉल होता. खापरावर मांडे भाजत होत्या. दोन्ही हातांवर पुरणपोळी फिरवत फिरवत मोठी करायची आणि उलट्या खापरावर टाकायची. पुण्याहून आलेली एक ताई बघतच राहिली. मांडा ऐंशी रुपये, दोघांत एक पुरतो. शेजारी भरीत. आमच्या खान्देशात भरीत म्हटलं की डिसेंबर. पांढरट हिरवी मोठी वांगी कापसाच्या काड्यांवर भाजलेली, लाकडी बडगीत हिरव्या मिरच्यांसोबत ठेचलेली, वरून कांद्याची पात आणि कच्चं तेल. सोबत कळण्याची पुरी. गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो धुराचा वास कधीच येत नाही, आणि इथे तो होता. शेवभाजी मात्र एका हॉटेलच्या तंबूत खाल्ली आणि फसलो. रस्सा लाल, वर तेल तरंगतंय, पण काळा मसाला नावालाच. शेव आधीच टाकून ठेवलेली, लगदा झालेली. शेवभाजीत शेव ताटात आल्यावर पडायला हवी, हे खान्देशात शिकवावं लागतंय म्हणजे कमालच. एकशे साठ रुपये गेले. गोडीशेव घ्यायला विसरू नका. गुळाच्या पाकातली, पाव किलो साठ रुपये, गाडीत बसून संपली.

रात्रीचा मुक्काम. फोनवर एका खाजगी तंबूवाल्याकडे तीन माणसांचा तंबू ठरवला होता, २,४०० रुपये, सकाळी गरम पाणी आणि नाश्ता धरून. फोटोत तंबूपुढे तापी दिसत होती. तापी होती, दोन शेतांपलीकडे. दाराची चेन अर्ध्यावर अडकलेली. शेवटी माझ्या खिशातल्या मेणाचा तुकडा तिच्यावर घासला, तेव्हा ती चालली. तंबूवाल्याने ते पाहून आणखी दोन तंबूंच्या चेना करून मागितल्या, आणि मीही करून दिल्या, माझीच चूक. डिसेंबरात तापीकाठी पहाटे थंडी हाडात शिरते. पांघरुणं पातळ होती. गरम पाणी सहाला सांगितलेलं आलंच नाही. नाश्त्याला पोहे होते, ते चांगले होते. पैसे परत मागितले तर पाचशे कमी केले, कुरकुर न करता. एवढं त्याच्या खात्यावर जमा. दोंडाईच्यात किंवा शहाद्यात लॉज घेणं शहाणपणाचं, पण मग सकाळी सहाचा बाजार हुकतो. स्वतःची गोधडी घेऊन या आणि इथेच राहा.

पाण्याची आणि स्वच्छतागृहांची सोय पहिल्या दिवशी बरी वाटली, दुसऱ्या दिवशी सकाळी बघवेना. बायकांना सोबत घेऊन येणार असाल तर याचा विचार आधी करा. धूळही फार. टँकर पाणी मारत होता, पण गालिच्यांच्या रांगेसमोर जास्त आणि मागे कमी.

मंगळवारी पहाटे मी नातवाला उठवून पुन्हा मागच्या रांगेत नेलं. धुकं होतं, शेकोट्या पेटल्या होत्या, घोड्यांच्या अंगातून वाफ निघत होती. घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार खरारा करत होते. एक नालबंद काम करत बसला होता. घोड्याचा पाय स्वतःच्या मांडीवर, कानशीने खूर सपाट करणं चाललेलं, मग नाल आणि सहा खिळे. खिळ्याचं टोक खुराच्या भिंतीतून बाहेर आलं की मुरडून तोडायचं. नातवाने विचारलं, दुखत नाही का? नालबंद म्हणाला, ‘नखं कापताना तुला दुखतं का? चुकीच्या जागी कापलं तरच.’ डांबरी रस्त्यावर चालणाऱ्या घोड्याची नाल महिना-दीड महिन्यात बदलावी लागते. आमच्या तांग्याच्या घोड्याचा खर्च अण्णा चंदीवर, म्हणजे दाण्यावर नाही, नालबंदीवर मोजायचे.

यात्रेला तारे द्यायचे झाले तर मागच्या रांगेला पाच, खोगिराच्या रांगेतल्या त्या एका दुकानाला पाच, भरिताला पाच, पुढच्या रांगेला अडीच, मुक्कामाला दोन. बेरीज तुमची तुम्ही करा. मी पुन्हा जाणार, यात्रा मोडताना.

निघताना एक प्रकार घडला, तोही सांगतो. अण्णा नवा घोडा पायीच आणायचे. दोंडाईचा, शिंदखेडा, बेटावद, तिथे एक मुक्काम, दुसऱ्या दिवशी अमळनेर. दोन दिवसांत घोड्याचा स्वभाव कळायचा आणि घोड्यालाही मालक कळायचा. आता पिकअप. त्या पंच्याऐंशी हजारांच्या तपकिरी घोडीचा सौदा झाला होता, धुळ्याकडच्या एका वरातवाल्याने अठ्ठ्याहत्तरला घेतली. (सहा वर्षांची, मी दात बघितले होते.) पण ती पिकअपवर चढेना. चार माणसं पुढून ओढतायत, दोन मागून ढकलतायत, फळीवर पाय ठेवला की मागे सरकते, घामाने भिजलेली. नातू माझा हात दाबून उभा.

मी त्यांना म्हणालो, भाऊ, जरा सोडा तिला. दहा मिनिटं थांबा. पिशवीतून तोबरा काढला, शेजारच्या खुंट्यावरून दोन मुठी हरभरा मागून घेतला, तिला वास दिला. मग तिच्याकडे न बघता पाठ करून, दावं ढिलं धरून फळीवर चढलो. पहिल्यांदा नाही आली. दुसऱ्यांदा एक पाय. तिसऱ्यांदा माझ्या खांद्यामागे तिचा गरम श्वास लागला आणि चारही पाय लाकडावर वाजले.

वरातवाला खूश. तिच्या तोंडापुढून तोबरा काढवेना, म्हणाला, ‘काका, हा द्या ना मला. वाटेत लागेल.’ मी म्हणालो, अडीचशे. त्याने तिथल्या तिथे दिले.

गाडीत बसल्यावर नातू बराच वेळ गप्प होता. पूल ओलांडल्यावर म्हणाला, ‘आबा, तुम्ही तो एकशे ऐंशीला घेतला होता.’

मी म्हणालो, ‘मग यात्रेत काय बघितलं तू दोन दिवस?’